निळा पडदा: दोष रॅमचा की ड्रायव्हरचा, हे घरच्या घरी कसं शोधावं

तीन वेळा विंडोज नव्याने टाकून झालं, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसली, बिल झालं, आणि चौथ्या दिवशी मास्तरांचा संगणक पुन्हा निळा पडला. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावरचे हे निवृत्त शिक्षक. गावच्या जत्रेत दरवर्षी मराठी नाटक होतं आणि त्याची संहिता टाईप करण्याचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. दुखणं सुरू झालं ऐन पावसाळ्यात आणि मार्गशीर्ष आला तरी हटेना. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "फॉरमॅट मारूया." शेवटी दोष निघाला रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या चालू कामाच्या मेमरीच्या, दोनपैकी एका पट्टीत. ती शोधायला लागली एक पेन ड्राइव्ह, एक रात्र आणि एक वही.

वही सगळ्यात महत्त्वाची. निळा पडदा आला की लोक घाबरून एकदम पाच गोष्टी करतात: ड्रायव्हर (एखादं उपकरण विंडोजशी जोडणारा छोटा प्रोग्राम) बदलतात, अँटिव्हायरस काढतात, रॅम पुसतात, अपडेट टाकतात. मग दोन दिवस संगणक नीट चालला तर कशाने बरा झाला हे कोणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच बदल करायचा, तारीख-वेळ टाकून लिहायचा आणि मग वाट पाहायची. एवढं पाळलंत तर पुढचं सगळं जमेल.

दोन दुखणी, एकच लक्षण

रॅममधली एखादी पेशी बिघडली की एका बिटाचा ० असलेला १ होतो, किंवा उलट. इंग्रजी 'ए' हे अक्षर संगणकात ६५ या अंकाने साठवतात. त्यातला एक बिट फिरला की ६७ होतात आणि 'ए'चा 'सी' होतो. पत्रात असं झालं तर लक्षातही येणार नाही. पण फिरलेला बिट जर मेमरीतल्या एखाद्या पत्त्याचा असेल, तर विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नेल, भलत्याच ठिकाणी जाऊन उभा राहतो. तिथून पुढे काम चालू ठेवण्यापेक्षा थांबणं बरं म्हणून तो स्वतःहून सगळं बंद करतो. निळा पडदा म्हणजे हेच थांबणं. विंडोज ११च्या नव्या आवृत्त्यांत हा पडदा काळा झाला आहे, पण अर्थ तोच.

ड्रायव्हरचा गुन्हा वेगळा असला तरी खुणा त्याच उमटतात. बरेचसे ड्रायव्हर कर्नेलच्याच घरात राहतात. एकत्र कुटुंबातल्या सामायिक कोठारासारखी तिथली मेमरी सगळ्यांची. एका ड्रायव्हरने चुकून दुसऱ्याच्या डब्यात हात घातला, तर आरडाओरडा होतो तो दुसरा डबा उघडतो तेव्हा. चोर एक आणि पकडला जातो दुसराच. म्हणून पडद्यावर जे नाव येतं ते आरोपीचं नाही, प्रेत सापडलं त्या जागेचं समजावं.

आधी डेटा

रॅमवर संशय असेल तर कोणतीही फाईल कॉपी करताना ती त्याच रॅममधून जाते. म्हणजे बॅकअपसुद्धा बिघडलेला निघू शकतो. म्हणून जुना बॅकअप असेल तर त्याच्यावर नवा लिहू नका. वेगळ्या पेन ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरात घ्या. छडा लागेपर्यंत विंडोजचं मोठं अपडेट, बायोस (विंडोजच्याही आधी चालणारा मदरबोर्डचा प्रोग्राम) अपडेट आणि फॉरमॅट या तिन्ही गोष्टी वर्ज्य. खराब रॅमवर विंडोज टाकणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग काढणं. मास्तरांकडे तो तीनदा काढून झाला होता.

पडदा थांबवा, वाचा, फोटो काढा

विंडोज मुळात अशी बेतलेली असते की निळा पडदा येताच संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो आणि वाचायला काही उरत नाही. स्टार्टमध्ये 'व्ह्यू अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज' शोधा, 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'चं सेटिंग्ज उघडा, 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'वरची खूण काढा. त्याच खिडकीत खाली 'स्मॉल मेमरी डम्प' निवडा. यापुढे प्रत्येक वेळी सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात 'मिनिडम्प' नावाच्या फोल्डरात एक छोटी फाईल पडेल. त्यासाठी सी ड्राइव्हवर पेजिंग फाईल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर राखते ती जागा) चालू असावी लागते. जागा वाचवायला कोणी ती बंद केली असेल तर आधी चालू करा.

आता पडदा आला की मोबाईलवर फोटो. ग्राहक सांगतात, "पात्रांव (साहेब), परत निळें जालें", आणि कोड विचारला की म्हणतात, इंग्रजीत काहीतरी होतं. त्या 'काहीतरी'तच अर्धं उत्तर असतं.

आणखी एक गाळणी इथेच लावा. संगणक खरोखर कोसळतो आहे, की नुसती लाईट जाते आहे? आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा प्रश्न खोटा नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची स्वतःची नोंदवही) 'विंडोज लॉग्ज'खाली 'सिस्टीम' उघडा. 'कर्नेल-पॉवर ४१' ही नोंद दोन्ही प्रसंगी दिसते. तिच्या तपशिलात 'बगचेक कोड'समोर ० असेल आणि त्याच वेळेची 'बगचेक १००१' ही नोंद नसेल, तर बहुतेक वीज तुटली किंवा संगणक जागच्या जागी गोठला. मग रॅमच्या मागे लागण्याआधी यूपीएसची बॅटरी, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) आणि भिंतीतलं सॉकेट बघा. जुन्या घरांत अर्थिंगची वायर कधी जोडलेलीच नसते. एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

कोड काय सांगतात

'मेमरी मॅनेजमेंट' (०x१ए) दिसला की रॅमवर पहिला संशय, पण खात्री नाही. 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया' (०x५०) आणि 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' (०xए) दोन्हीकडे झुकतात. पुढे 'ड्रायव्हर' शब्द लागलेला 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' (०xडी१) मात्र बहुतांशी ड्रायव्हरचाच. 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' (०x११६) म्हणजे ग्राफिक्सकडून वेळेत उत्तर आलं नाही. 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' (०x९एफ) बहुधा झोपवलेला संगणक उठवताना येतो, आणि मागे वायफाय किंवा यूएसबीचा ड्रायव्हर असतो. 'व्हीया अनकरेक्टेबल एरर' (०x१२४) आला तर ड्रायव्हरच्या मागे फार वेळ घालवू नका. तिथे हार्डवेअर बोलतं आहे: प्रोसेसर, उष्णता, वीजपुरवठा, कधी रॅम.

पण एका कोडवरून निकाल देऊ नका. निदान चार-पाच वेळचे कोड वहीत जमवा. 'ब्लूस्क्रीनव्ह्यू' हा छोटा मोफत प्रोग्राम मिनिडम्पमधल्या सगळ्या फायली एका यादीत दाखवतो, आणि कोसळण्याच्या क्षणी साखळीत असलेल्या ड्रायव्हरच्या ओळी खाली गुलाबी रंगात येतात. आता नमुना बघायचा. दर वेळी तोच कोड, तीच फाईल, आणि तेही ठरावीक काम करताना (व्हिडिओ बघताना, प्रिंट देताना, वायफाय जोडताना): हा ड्रायव्हर. दर वेळी वेगळा कोड, वेगळी फाईल, कधी ब्राउझर आपोआप बंद, कधी झिप उघडताना 'फाईल खराब आहे', कधी विंडोज टाकतानाच मध्ये अडकणं: ही रॅम. मास्तरांच्या वहीत नऊ दिवसांत सहा निरनिराळे कोड होते. ती यादी पाहिल्यावर मी ड्रायव्हरकडे वळलोच नाही.

यादीत 'एनटीओएसकर्नेल' हे नाव जवळजवळ नेहमी सापडतं. ते विंडोजचं स्वतःचं कर्नेल. खून घरात झाला म्हणून घरमालकाला धरू नये.

रॅमची परीक्षा

सोपी परीक्षा विंडोजमध्येच असते. स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' शोधा, पुन्हा सुरू होऊ द्या, परीक्षा चालू झाली की एफ१ दाबून 'एक्स्टेंडेड' निवडा. निकाल इव्हेंट व्ह्यूअरच्या 'सिस्टीम'मध्ये 'मेमरी डायग्नॉस्टिक्स-रिझल्ट्स' नावाने मिळतो. इथे दोष सापडला तर रॅम नक्की संशयित. सापडला नाही म्हणून मात्र रॅम सुटत नाही. ही परीक्षा बरेच दोष नजरेआड करते.

खरी परीक्षा 'मेमटेस्ट८६ प्लस'ची. हा मोफत प्रोग्राम आहे. त्याच्या संकेतस्थळावरून यूएसबीसाठीची आवृत्ती घ्या, रिकाम्या पेन ड्राइव्हवर टाका (त्यावरचं सगळं पुसलं जाईल) आणि संगणक त्यावरून सुरू करा. 'सिक्युअर बूट' (अनोळखी प्रोग्रामवरून संगणक सुरू होऊ न देणारी सोय) आडवा आला तर बायोसमध्ये तो तात्पुरता बंद करावा लागतो. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला विंडोजचं कुलूप) चालू असेल तर त्याआधी रिकव्हरी की कागदावर लिहून हाताशी ठेवा. नाहीतर रॅम तपासायला गेलात आणि स्वतःच्याच डिस्कबाहेर उभे राहिलात असं व्हायचं.

निदान चार फेऱ्या पुऱ्या होऊ द्या. रॅम किती आणि केवढ्या वेगाची यावर वेळ अवलंबून, पण एक रात्र धरून चाला. विजा कडाडत असतील ती रात्र नको; पहाटे चारला लाईट गेली की निकालही गेला. यूपीएस असेल तरी तो रात्रभराचा सोबती नव्हे.

निकाल वाचणं सोपं. लाल ओळ एकही नको. "फक्त दोनच चुका आल्या, चालेल ना?" असं मला अनेकांनी विचारलं आहे. चालणार नाही. अब्जावधी पेशींतली एक बिघडली तरी कधी ना कधी कर्नेल तिच्यावर येऊन बसतोच.

चूक दिसली की लगेच पट्टी फेकू नका. बायोसमध्ये 'एक्सएमपी' किंवा 'एक्स्पो' चालू आहे का बघा. या सोयीने रॅम तिच्या मूळ प्रमाणित वेगाहून जास्त वेगाने चालते, आणि काही मदरबोर्डना ते झेपत नाही. बंद करून परीक्षा पुन्हा घ्या. चुका गेल्या तर रॅम ठीक, हाव जास्त होती.

तरी येत असतील तर कॅबिनेट उघडा. संगणक बंद, वायर भिंतीतून काढलेली, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज रिकामी केलेली. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला एकदा हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज तिथे उतरेल. रॅमच्या दोन्ही टोकांच्या (काही बोर्डांवर एकाच टोकाच्या) खिट्ट्या उघडल्या की पट्टी वर येते. तिला कडेने धरा. सोनेरी दातांना बोट लावू नका.

इथे आपल्या हवेबद्दल दोन शब्द. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, समुद्राकडून खारा वारा येतो, आणि बंद खोलीतला संगणक चार महिने दमटात राहतो. सोन्याला गंज चढत नाही हे खरं, पण दातांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. त्याच्या बारीक छिद्रांतून खालच्या धातूवर क्षार चढतात आणि जोड अधूनमधून सुटतो. 'खराब' म्हटलेली किती रॅम मुळात ठीकच असते हे मी आकडेवारीने सांगू शकत नाही, पण पट्टी काढून पुसून परत घट्ट बसवल्यावर मशीन वर्षभर सुरळीत चालल्याचं मी पुष्कळदा पाहिलं आहे. पुसायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं. खोडरबर सगळेच वापरतात, मीही वापरला आहे. पण मऊ पांढराच घ्या, हलक्या हाताने एकदाच फिरवा आणि भुगा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. खसाखसा घासलं तर तो पातळ मुलामाच निघून जातो. स्लॉटमध्ये टॉर्च मारून बघायलाही विसरू नका. मला तिथे मुंग्यांची अंडी सापडली आहेत, आणि एकदा पाल. मेलेली, देवाची कृपा.

परत बसवताना खाच जुळते का बघा. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. दोन्ही टोकं 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबा.

आता एक-एक पट्टी तपासायची. दोन पट्ट्यांना क आणि ख नावं द्या, खडूने लिहिलीत तरी चालेल. एकट्या 'क'ची परीक्षा, मग त्याच स्लॉटमध्ये एकट्या 'ख'ची. चार स्लॉटच्या बोर्डवर एकटी पट्टी बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवतात. बोर्डाच्या पुस्तिकेत खात्री करून घ्या. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब. दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये नापास आणि दुसऱ्यात पास, तर स्लॉट. वेगवेगळ्या पास आणि एकत्र नापास, तर जोडी जमत नाही: वेगळ्या कंपनीच्या, वेगळ्या वेगाच्या पट्ट्या सोबत बसवल्या की असं होतं. सगळ्या स्लॉटमध्ये सगळ्याच पट्ट्या नापास, तर बोर्ड किंवा प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, आणि मग मात्र दुकान गाठा. डीडीआर५च्या मशीनमध्ये पट्टी बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. घाबरून बटण दाबू नका, बोर्ड नव्या रॅमशी ओळख करून घेत असतो.

पट्टी खराब ठरली तर विकत घेण्याआधी बिल शोधा. अनेक चांगल्या कंपन्या रॅमवर बरीच वर्षं वॉरंटी देतात, आणि लाल ओळींचा फोटो हा तिथे उत्तम पुरावा. लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच झाळलेली असेल तर हे पट्टी-पुराण लागू नाही. परीक्षा तेवढी घेता येते.

ड्रायव्हरचा माग

रॅम रात्रभर निर्दोष राहिली, किंवा वहीतला नमुना सुरुवातीपासून एकाच फाईलकडे बोट दाखवत होता, तर इकडे या. स्टार्टच्या मेनूत शिफ्ट धरून 'रीस्टार्ट' दाबा. मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि शेवटी ४ दाबलं की सेफ मोड. इथे विंडोज अगदी मोजके ड्रायव्हर घेऊन चालते. एरवी अर्ध्या तासात कोसळणारं मशीन सेफ मोडमध्ये चार तास शांत राहिलं, तर बाहेरून आलेला एखादा ड्रायव्हर बहुधा दोषी.

फाईलच्या नावावरून घर ओळखता येतं. 'एनव्हीएल'ने सुरू होणारी एनव्हिडियाची, 'आयजीडीकेएमडी' इंटेल ग्राफिक्सची, 'एएमडीकेएमडॅग' एएमडीची, 'आरटीके' बहुधा रिअलटेकच्या आवाजाची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते उपकरण उघडा, 'ड्रायव्हर' टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' चालू दिसत असेल तर आधी तेच करा. नुकत्याच झालेल्या अपडेटनंतर दुखणं सुरू झालं असेल तर यानेच काम होतं. 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडलीत तर कोणत्या दिवशी काय बसवलं आणि कधीपासून लाल फुल्या सुरू झाल्या हे एकाच तक्त्यात दिसतं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर हट्टी असेल तर सेफ मोडमध्ये 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर'ने तो मुळासकट काढून मग कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा घाला. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपच्या कंपनीचा ड्रायव्हर. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणारे प्रोग्राम घरात घेऊ नका, एवढंच सांगतो.

मराठी डीटीपी करणाऱ्यांसाठी एक खास जागा. जुन्या टंकलेखन आणि छपाईच्या सॉफ्टवेअरसोबत यूएसबीला लावायचं डोंगल येतं. त्याचा ड्रायव्हर कधी विंडोज ७च्या काळातला असतो, तोच नव्या विंडोजवर ओढून-ताणून बसवलेला. लग्नपत्रिकांच्या हंगामात एका छापखान्याचं मशीन रोज कोसळायचं, फक्त डोंगल लावलं की. नवा ड्रायव्हर मिळाल्यावर थांबलं.

अँटिव्हायरसही संशयितांच्या यादीत ठेवा, कारण तोही कर्नेलमध्ये बसतो. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं कोसळली, आणि भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तिथला इलाजही घरगुतीच होता: सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाईल पुसणं. दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढाच.

एवढ्याने चोर सापडला नाही तर 'ड्रायव्हर व्हेरिफायर' आहे. हे हत्यार ड्रायव्हरला मुद्दाम छळतं आणि चूक करताक्षणी तिथेच मशीन पाडतं, म्हणजे पडद्यावर खऱ्या गुन्हेगाराचं नाव येण्याची शक्यता वाढते. पण मशीन सुरू होतानाच पडत राहील असंही होऊ शकतं. म्हणून आधी रिस्टोअर पॉइंट (विंडोजला आजच्या स्थितीत परत आणता येईल अशी नोंद) करा आणि सेफ मोडमध्ये जायची वाट पाठ करा. मग 'व्हेरिफायर' चालवून 'क्रिएट स्टँडर्ड सेटिंग्ज', यादीतून फक्त मायक्रोसॉफ्टचे नसलेले ड्रायव्हर, एक-दोन दिवस. काम झालं की त्याच खिडकीतून 'डिलीट एक्झिस्टिंग सेटिंग्ज'. हे विसरलात तर मशीन कायमचं मंद वाटेल आणि नवंच दुखणं शोधत बसाल. रॅम निर्दोष ठरण्यापूर्वी हे वापरूच नका; खराब रॅमवर तो निरपराध ड्रायव्हरांनाही फाशी देतो.

दुरुस्तीनंतर

रॅम बदलली म्हणजे संपलं नाही. खराब रॅमने जे आधीच डिस्कवर लिहिलं ते तसंच असतं. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'एसएफसी', एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'स्कॅननाऊ' असं द्या. विंडोजच्या फायली तपासून दुरुस्त होतील. मग स्वतःच्या महत्त्वाच्या फायली एक-एक उघडून बघा. वर्डची आजची फाईल आतून झिपच असते आणि प्रत्येक तुकड्याची पडताळणीची बेरीज (चेकसम) तिच्यात नोंदलेली असते, त्यामुळे बिघाड असेल तर ती बहुधा उघडायलाच नकार देते. फोटो मात्र गुपचूप उघडतो आणि खालचा अर्धा भाग करडा दाखवतो.

मास्तरांच्या नाटकाचे दोन अंक उघडले. तिसरा उघडला नाही, पेन ड्राइव्हवरचाही नाही. तालमीसाठी काढलेली एक छापील प्रत नायिकेचं काम करणाऱ्या मुलाकडे होती, पेन्सिलीच्या खुणांसकट. ती आणून त्यांनी तिसरा अंक पुन्हा टाईप केला. जत्रेला तेव्हा अकरा दिवस होते.